न गळणारं फिरकीचं झाकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातळ आमटी, रस्सा किंवा लोणच्याचा खार नेता येईल असा डबा करायचा म्हटला की खरी कसोटी लागते ती झाकणाची. डब्यांचे साचे करून देण्याच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत नवा उद्योग सुरू करणारे असतात, डिझाइनचे विद्यार्थी असतात, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर डबा काढून बघणारेही असतात. आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच डबा धरला आहे: पॉलिप्रॉपिलीनचा, साधारण अर्ध्या लिटरचा, तोंडाचा व्यास १०० मिमी, झाकण आट्यांचं.

आटे भरपूर दिलेत, झाकण घट्टही बसतं. तरी डबा आडवा केला की गळतो. असं का?

कारण पाणी अडवणं हे आट्यांचं कामच नाही. झाकण फिरवलं की आट्यांच्या चढावरून ते खाली सरकतं आणि डब्याच्या तोंडावर दाब पडतो, एवढंच आटे करतात. झाकण सहज फिरावं म्हणून डब्याचे आटे आणि झाकणाचे आटे यांच्यात फट ठेवावीच लागते. प्लास्टिकमध्ये ती प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.४ मिमी असते. ही फट आतपासून बाहेरपर्यंत अखंड जाते, गोल जिन्यासारखी. आट्यांचे फेरे वाढवले तर पाण्याची वाट लांबते, बंद होत नाही.

दाबण्याचं काम एकाचं आणि अडवण्याचं दुसऱ्याचं, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की झाकणाचे निम्मे प्रश्न सुटतात. अमेरिकेत जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं, त्यातली मेख हीच होती. आटे बरणीच्या खांद्यापर्यंत गेले तर झाकण तिथेच अडकतं आणि नीट टेकत नाही. म्हणून मेसन यांनी आटे खांद्याच्या थोडे वरच संपवले. झाकण मोकळेपणाने खाली उतरलं आणि खांद्यावरच्या रबरी रिंगवर दाबून बसलं. आजही चांगल्या झाकणाचं चित्र काढताना आधी बघायचं ते हेच: आटे संपण्याआधी झाकणाला खाली जायला जागा उरते का?

मग गळती अडवतं कोण?

एक मऊ वस्तू आणि एक गुळगुळीत कड, दोन्ही पूर्ण वर्तुळभर एकमेकींना चिकटलेल्या. वर्तुळात कुठेही केसाएवढा खंड पडला की बाकीचं सगळं वर्तुळ वाया जातं.

ही भेट कुठे घडवायची याचे मुख्य दोन पर्याय. पहिला, रिंग झाकणाच्या आत वरच्या बाजूला, आणि डब्याची कड खालून तिच्यात रुतते. इथे दाब किती पडेल हे झाकण किती आवळलं यावर ठरतं. दुसरा, रिंग बाजूला: झाकणाचा एक भाग डब्याच्या तोंडात बुचासारखा उतरतो आणि त्याच्या खाचेतली रिंग आतल्या भिंतीला टेकते. इथे झाकण थोडं सैल राहिलं तरी रिंगचा दाब तेवढाच राहतो, हा मोठा फायदा. पण तोंड अगदी गोल असावं लागतं, आणि १०० मिमीचं पातळ प्लास्टिकचं तोंड हाताने धरलं तरी लंबगोल होतं. शिवाय झाकण काढताना रिंगला लागलेली आमटी सगळ्या भिंतीला माखते.

रुंद तोंडाच्या डब्याला मी पहिलाच पर्याय सुचवतो. पाण्याच्या बाटलीसारखं अरुंद, जाड भिंतीचं तोंड असेल तर दुसरा.

रिंग किती दाबली गेली पाहिजे?

गोल काटछेदाची घन रिंग, म्हणजे ओ-रिंग, असेल तर तिच्या जाडीच्या २० ते ३० टक्के. ३ मिमी जाडीची रिंग घेतली आणि दाबल्यावर २.२५ मिमी उरली, तर दाब २५ टक्के झाला.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. रबर दाबलं की ते आकसत नाही, बाजूला पसरतं. त्याचं घनफळ जवळपास तेवढंच राहतं. म्हणून खाचेत पसरायला जागा हवी. ३ मिमीच्या रिंगच्या काटछेदाचं क्षेत्रफळ साधारण ७.१ चौरस मिमी भरतं. खाच ८० टक्के भरावी असं धरलं तर खाचेचं क्षेत्रफळ ८.९ चौरस मिमीच्या आसपास हवं. खोली २.२५ मिमी ठरलेली, म्हणजे रुंदी जवळपास ४ मिमी. खाच ३ मिमीचीच ठेवली तर रिंग मावत नाही, झाकण कितीही पिळलं तरी खाली बसत नाही, आणि रिंग खराब निघाली असं वाटून लोक रिंगवाल्याला बोल लावतात.

आता ताकदीचा हिशेब करा, कारण डबा उघडणारा माणूस कारखान्यातला फिटर नसतो. रिंगच्या परिघावर दर मिलिमीटरला १ न्यूटन एवढा माफक दाब धरला तरी १०० मिमी व्यासाला ३१४ न्यूटन होतात, म्हणजे सुमारे ३२ किलोचं वजन. आट्यांतलं घर्षण धरलं तर एवढा दाब आणायला झाकण ४ न्यूटन-मीटरच्या आसपास पिळावं लागतं. वर रिंग कडेवर घासते, ते वेगळंच. आजीच्या हाताला किंवा सहा वर्षांच्या मुलाला हे जड जातं. पंपात किंवा पाइपात शोभणारी कडक ओ-रिंग जेवणाच्या डब्यात आणली की हाच घोळ होतो.

उपाय म्हणजे ओठाची रिंग: जाड बुडातून निघालेली, आत झुकलेली पातळ सिलिकॉनची पट्टी. ती चेपली जात नाही, वाकते, त्यामुळे बळ कमी लागतं. ओठ डब्याच्या आतल्या दिशेला झुकलेला ठेवा. मग आत वाफेचा दाब वाढला की ओठ कडेवर आणखी घट्ट बसतो.

झाकण जितकं घट्ट, तितकं चांगलं ना?

नाही. झाकणाला एक ठाम थांबा हवा. प्लास्टिक प्लास्टिकला टेकलं की संपलं, त्यापुढे झाकण उतरता कामा नये. झाकणाच्या आत रिंगच्या बाहेरच्या बाजूला एक उंचवटा ठेवा, तो डब्याच्या खांद्यावर टेकू द्या. रिंग किती दाबली जाईल हे मग वापरणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून राहत नाही, तुम्ही दिलेल्या मापावर ठरतं.

थांबा नसेल तर लोक दर वेळी थोडं जास्त आवळतात. रिंग कायमची चपटी होते, चपटी झाली म्हणून गळते, गळते म्हणून आणखी आवळलं जातं. काही महिन्यांत ती रिंग हातात घेऊन पाहा: कडेचा ठसा नखाने चाचपता येईल इतका खोल उतरलेला असतो.

आटे किती, कसे आणि कोणत्या आकाराचे?

झाकण एका फेऱ्यात किती खाली उतरतं हे महत्त्वाचं माप. एकेरी आटा आणि ५ मिमी पीच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, असेल तर एका फेऱ्यात ५ मिमी. चढाचा कोन १०० मिमी व्यासावर जेमतेम १ अंश येतो. तेच चार सुरुवातींचे, म्हणजे मल्टिस्टार्ट आटे दिले तर एका फेऱ्याला २० मिमी आणि कोन साधारण साडेतीन अंश. पाव फेऱ्यात डबा बंद होतो. प्लास्टिकवर प्लास्टिकचं घर्षण एवढं असतं की दोन्ही झाकणं आपणहून उलटी फिरत नाहीत. पण स्कूटरच्या डिकीत रोज खड्डे खाणाऱ्या डब्याला कमी कोनाचा आटा जास्त मानवतो.

मल्टिस्टार्टचा खरा फायदा वेगापेक्षा वेगळाच आहे. एकेरी आटा जेमतेम एक फेरा असेल तर झाकण एका बाजूने आधी ओढलं जातं आणि थोडं तिरकं बसतं. चार सुरुवाती असल्या तर चार ठिकाणी सारखी ओढ पडते आणि रिंग सगळीकडून एकसारखी दाबली जाते. रुंद तोंडाला मी तीन किंवा चार सुरुवातीच धरतो.

आट्याच्या आकाराबद्दल: लोखंडी बोल्टसारखा ६० अंशांचा टोकदार आटा प्लास्टिकच्या झाकणाला देऊ नका. आवळलं की त्याचा तिरकस उतार झाकणाची भिंत बाहेर ढकलतो, भिंत फाकते आणि झाकण टक्कन एक आटा उडी मारतं. करवतीच्या दातासारखा आटा घ्या, ज्याची ताण घेणारी बाजू जवळजवळ आडवी, फार तर १० अंशांनी कललेली असते आणि दुसरी बाजू उतरती. आट्याची उंची १.२ ते १.५ मिमी पुरते. झाकणाची भिंत १.५ मिमीपेक्षा पातळ नको.

बाजारातल्या तयार बरण्यांची झाकणं वापरणार असाल तर ४००, ४१० आणि ४१५ हे आकडे दिसतील. ४०० म्हणजे साधारण एक फेरा आटा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. त्यांच्या आधी लिहिलेला आकडा व्यासाचा. ३८-४०० म्हणजे ३८ मिमी व्यास, एक फेरा.

गरम आमटी भरून झाकण लावलं, दुपारी उघडतच नाही. चूक कुठे?

चूक नाही, झाकण उत्तम बसलंय याचाच तो पुरावा. पण डिझाइनमध्ये या क्षणाची सोय करावी लागते.

८० अंशांची आमटी भरली आणि वरच्या रिकाम्या जागेत वाफ भरल्यावर झाकण लावलं असं धरू. बाहेरचा दाब १०१ किलोपास्कल. त्यातला ४७ किलोपास्कल वाफेचा, उरलेला ५४ हवेचा. जेवणाच्या वेळेपर्यंत डबा ३० अंशांवर आला की वाफ जवळजवळ सगळी विरते, तिचा दाब उरतो ४. हवा आकसून तिचा होतो ४६. म्हणजे आत ५०, बाहेर १०१. शंभर मिमीच्या झाकणावर हा फरक ४०० न्यूटनचा, सुमारे ४० किलो वजन झाकणावर ठेवल्यासारखा. एवढा दाब आट्यांवर असताना झाकण फिरवायचं म्हणजे मनगटाची परीक्षाच.

उलटाही प्रकार होतो. आमटी कढत, पण वरची हवा अजून थंड, आणि तेवढ्यात झाकण लावलं. मग हवा तापते, वाफही भरते आणि दाब वाढतो. डबा हलला की आमटी वरच्या हवेत मिसळते आणि हे झटकन घडतं. सकाळच्या घाईत भरलेला डबा जिना उतरतानाच ओला लागतो तो यामुळे.

उपाय एकच, झाकणाच्या मध्यभागी सिलिकॉनचं छोटं बटण. ते उचललं की हवा आत जाते, सूं असा आवाज येतो आणि झाकण हलकं होतं. बटणाचं छिद्र ४-५ मिमी पुरे. बटणाचा निमुळता भाग आतल्या बाजूला जाड ठेवा, म्हणजे आतून दाब आला तर ते उडत नाही, अधिकच घट्ट बसतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा डबा असेल तर बटण उघडल्याशिवाय तापवू नये, ही सूचना झाकणावरच कोरलेली हवी. माहितीपत्रक कुणी जपून ठेवत नाही.

पाण्याने तपासला तेव्हा थेंबही आला नाही. लोणचं भरलं तर दप्तरात तेलाचा डाग. हे कसं?

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि डब्याच्या व्यवसायातल्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात.

पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो, खोलीच्या तापमानाला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. खाद्यतेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी, ३० च्या आसपास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला पाणी आवडत नाही: थेंब गोळा होऊन बसतो, पसरत नाही. अगदी बारीक फट असली तरी पाणी तिच्या तोंडाशी अडून राहतं. तेल मात्र त्याच प्लास्टिकवर पसरतं. फट दिसली की ते स्वतःच आत ओढलं जातं, त्याला ढकलायला दाबही लागत नाही. डबा उभा असला तरी भिंतीवरून वर चढलेला तवंग कडेपर्यंत पोचतो आणि आट्यांमधून हळूहळू बाहेर येतो.

म्हणून पाण्याची चाचणी पास झालेला डबा तेलाला पास होईलच असं नाही. तपासायचं असेल तर कोमट गोडेतेलाने तपासा, बाहेरून टिश्यू पेपर गुंडाळा, डबा रात्रभर आडवा ठेवा. टिश्यूवर तेलाचा ठिपका लगेच ओळखू येतो, उजेडासमोर धरला की आरपार दिसतो. तेल वाया घालवायचं नसेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. पृष्ठताण बराच खाली येतो आणि साध्या पाण्याला अडवणारी फट उघडी पडते.

डिझाइनमध्ये तेलाला उत्तर द्यायचं तर कड गोल आणि चकचकीत हवी. रुंद सपाट कडेपेक्षा १ मिमी त्रिज्येची गोल कड रिंगमध्ये नेमकी रुतते आणि तेवढ्याच बळात जास्त दाब देते.

रिंग कशाची घ्यावी? डबा कशाचा?

खाण्याच्या डब्याला सिलिकॉन. उकळत्या पाण्यात आणि फ्रिजमध्ये दोन्हीकडे मऊ राहतं, लवकर कायमचं चपटं होत नाही. कडकपणा शोअर ए मोजमापात ४० ते ५० घ्या. ७० ची रिंग पिळायला जड जाते. सिलिकॉनचा दोष म्हणजे ते वास धरून ठेवतं, सुकटीचा डबा आणि शिऱ्याचा डबा यांच्या रिंगा वेगळ्या असलेल्या बऱ्या. ईपीडीएम रबर पाणी आणि वाफेला उत्तम, पण तेलात फुगतं, म्हणून लोणच्याला नको. नायट्राइल तेलाला टिकतं. ते घ्यायचं तर खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचंच घ्या.

डब्याला पॉलिप्रॉपिलीन चांगलं, बुडावर त्रिकोणात ५ आकडा असतो तेच. त्याला उष्णता चालते, पडलं तर सहसा तडकत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. साच्यातून निघून थंड होताना ते १ ते २ टक्के आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही, म्हणून तोंडाची कड किंचित लाटेसारखी होते. ही लाट ०.२ ते ०.३ मिमी असेल तर रिंगचा दाब त्याहून बराच जास्त हवा. वरच्या हिशेबातला ०.७५ मिमीचा दाब ती सहज पोटात घालतो. दुसरी अडचण, सतत ताणाखाली पॉलिप्रॉपिलीन हळूहळू सैलावतं. म्हणून रिकामा डबा ठेवताना झाकण आवळून ठेवू नका, नुसतं टेकवा.

विकायचा डबा असेल तर एफएसएसएआयचे, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे पॅकेजिंग नियम वाचा. त्यात खाद्यपदार्थांना लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० हे मानक दिलेलं आहे. दाणा विकत घेताना त्या मानकाचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

थ्रीडी प्रिंटरवर आधी काढून बघता येईल का?

जरूर. साच्याला लाखांत खर्च येतो, प्रिंटला काही तासांचं काम. मात्र तो नमुना झाकणाची मापं तपासण्यासाठी समजा, रोज जेवायला नको. थरांच्या फटींत अन्न अडकतं आणि ते धुऊन निघत नाही.

पीईटीजी हे प्रिंटरचं प्लास्टिक वापरा. आट्यांच्या खालच्या बाजूला ४५ अंशांचा उतार द्या, नाहीतर तिथले थर लोंबतात. फट ०.३ ते ०.५ मिमी ठेवा. प्रिंटचे आटे साच्यातल्या आट्यांपेक्षा खरखरीत असतात, त्यामुळे पहिल्यांदा झाकण अडखळलं तर लगेच माप बदलू नका. चार-पाचदा फिरवून बघा.

खरी अडचण कडेची. प्रिंटचा वरचा थर डोळ्याला सपाट दिसतो, पण त्यावरून नख फिरवलं की नॉझलच्या रेषा लागतात, आणि प्रत्येक रेषा म्हणजे रिंगखालून जाणारी एक बारीक नाली. काचेचा जाड तुकडा घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पसरा, डबा उपडा ठेवून इंग्रजी आठ काढत हलक्या हाताने घासा. दर मिनिटाला उचलून बघा. जिथे अजून चकाकतंय तो खोलगट भाग, तिथे पेपर पोचलेला नाही. सगळी कड एकसारखी मॅट झाली की थांबा, मग ८०० नंबरने पाच-सात फेरे. एवढं केलं की तोच नमुना, तीच रिंग, आणि गळती थांबलेली दिसते.

भिंतीतूनच पाणी झिरपत असेल तर दोष झाकणाचा नाही. भिंतीचे पदर तीन-चार करा आणि प्रिंटिंगचं तापमान थोडं वाढवा.

साचा बनवताना झाकणासाठी काय सांगावं?

पहिली गोष्ट, पार्टिंग लाइन सीलच्या कडेवरून जाता कामा नये. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लास्टिकची बारीक रेघ उठते. डब्याचे बाहेरचे आटे दोन भागांच्या साच्यात होतात, त्यामुळे आट्यांवर ही रेघ येणारच. तिथे आटा मिलिमीटर-दोन मिलिमीटर तोडून टाकला तर झाकण अडत नाही. पण तोंडाची वरची कड अखंड एका भागातून यावी. हे ड्रॉइंगवर लिहून द्या, तोंडी सांगू नका. फुंकून केलेल्या, म्हणजे ब्लो मोल्डिंगच्या बरण्यांच्या तोंडावर ही रेघ बऱ्याचदा असते. बरणी विकत घेताना अंगठ्याचं नख कडेवरून पूर्ण वर्तुळभर फिरवा, दोन समोरासमोरच्या जागी ते अडलं तर ती बरणी पातळ पदार्थाला घेऊ नका.

झाकणातले आतले आटे साच्यातून काढायचे दोन मार्ग. एकात कोअर, म्हणजे झाकणाची आतली बाजू घडवणारा साच्याचा गाभा, फिरून बाहेर येतो: महाग, पण आटा हवा तसा मिळतो. दुसऱ्यात गरम झाकण ओढून आट्यांवरून उडवून काढतात: स्वस्त, पण त्यासाठी आटा गोलसर आणि उथळ ठेवावा लागतो. करवती आटा हवा असेल तर फिरणारा कोअरच लागेल. कमी आटे, जास्त सुरुवाती ठेवल्या तर कोअर थोडाच फिरवावा लागतो, हा मल्टिस्टार्टचा आणखी एक फायदा.

झाकणाचा गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरतं ती जागा, मध्यभागी ठेवा. बाजूला ठेवला तर झाकण एका बाजूला जास्त आकसतं.

स्टीलच्या डब्याला हेच नियम का?

तत्त्व तेच, मापं वेगळी. पातळ पत्र्यावर आटे रोलरने दाबून काढतात, ते गोलसर आणि उथळ असतात. कड आत किंवा बाहेर वळवलेली असते, आणि वळणात थोडा उंचसखलपणा येतोच. डबा एकदा पडला की तोंड लंबगोल. म्हणून स्टीलला जाड आणि मऊ रिंग लागते. जुन्या पितळी फिरकीच्या तांब्याचं तोंड जाड असायचं, ते लेथवर कातून सपाट करता येतं. पत्र्याला तो मार्ग नाही.

रिंगशिवाय झाकण होत नाही का? बाटल्यांना तर नसते.

लहान तोंडाला होतं. शीतपेयांच्या २८ मिमी झाकणाच्या आत प्लास्टिकचंच पातळ वर्तुळ असतं, ते बाटलीच्या तोंडात शिरून दाबून बसतं. बाटलीचं ते तोंड जाड आणि अचूक असतं. १०० मिमीला तेवढी अचूकता प्लास्टिकमध्ये मिळत नाही. रिंग घ्याच.

विमानात किंवा घाटात नेताना डबा का गळतो?

बाहेरचा दाब उतरतो, आतला मुंबईचाच राहतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच, तिथे हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास. समुद्रसपाटीला बंद केलेल्या आपल्या झाकणावर आतून जवळपास १२ किलोचा रेटा येतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका खाली जाऊ शकतो, तेव्हा हा रेटा २० किलोपर्यंत जातो. लेकीकडे परदेशी लोणचं पाठवणाऱ्यांनी बरणी शक्य तितकी काठोकाठ भरावी. आत हवा कमी, तर ती फुगून बाहेर ढकलणारं तेलही कमी.

घरच्या घरी खात्रीची चाचणी कोणती?

तीन टप्प्यांत करा. पहिली ठशाची. कडेवर कोरडं कुंकू हलकं पसरा, झाकण लावा, काढा, रिंगवरचा ठसा बघा. लाल वर्तुळ अखंड आणि एकसारख्या रुंदीचं हवं. एका बाजूला जाड आणि समोर पुसट असेल तर झाकण तिरकं बसतंय. मध्येच तुटलं असेल तर तिथे कड खोलगट आहे.

दुसरी दाबाची. डब्यात दोन चमचे पाणी घाला, झाकण लावा, ६० अंशांच्या गरम पाण्यात डबा पूर्ण बुडवून पाच-दहा मिनिटं दाबून धरा. आतली हवा आणि वाफ तापली की बाहेरच्यापेक्षा २८ किलोपास्कलपर्यंत जास्त दाब तयार होतो, म्हणजे विमानप्रवासाइतका. बुडबुडे कुठून निघतात ते बघा, गळतीची जागा बोटाने दाखवता येते. हात भाजू नये म्हणून चिमटा किंवा वजन वापरा.

तिसरी पडण्याची. पाण्याने भरलेला डबा ओट्याच्या उंचीवरून झाकणाच्या बाजूने पाडा, आणि पुन्हा दुसरी चाचणी करा. नव्या डब्याच्या दहा नमुन्यांवर तिन्ही चाचण्या केल्याशिवाय मी साचा मंजूर करत नाही.

रिंग काळी पडते, खाचेत वास राहतो. काय करावं?

रिंग सहज निघाली पाहिजे. तिला एका जागी बोटात धरता येईल अशी छोटी जीभ द्या. खाचेचे आतले कोपरे गोल ठेवा, म्हणजे ब्रश पोचतो. रिंग ओली असताना परत बसवू नका, बुरशी तिथेच धरते. आणि रिंगचा काटछेद असा ठेवा की ती उलटी बसूच नये. घाईत धुऊन उलटी बसवलेली रिंग हे गळतीचं फार मोठं कारण आहे, आणि त्यात वापरणाऱ्याचा दोष काढणं मला पटत नाही. ओठाच्या रिंगला हे खास लागू. बाहेरच्या बाजूला एक उभी कणी आणि खाचेत तिच्यासाठी जागा ठेवली की उलटी रिंग आत जातच नाही.

सुटी रिंगही विकायला ठेवा. डब्याची किंमत शेकड्यांत, रिंगची फार थोडी. ती मिळाली नाही म्हणून धडधाकट डबा डाळ-तांदूळ ठेवायला जातो.

ड्रॉइंगवर कोणती मापं टॉलरन्ससहित (किती कमी-जास्त चालेल त्यासह) द्यायचीच?

कडेचा सपाटपणा, आमच्या डब्याला ०.२ मिमीच्या आत. थांब्यापासून रिंगच्या खाचेच्या तळापर्यंतचं अंतर, अधिक-उणे ०.१. खाचेची रुंदी आणि खोली. आट्यांचा बाहेरचा आणि आतला व्यास, प्लास्टिक थंड होऊन २४ तासांनी मोजलेला, कारण ताज्या मालाचं माप पुढे बदलतं. तोंडाची गोलाई: एकमेकांना काटकोनात घेतलेल्या दोन व्यासांत ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. बाकी मापं साचेवाल्याच्या नेहमीच्या टॉलरन्सवर सोडली तरी चालतं.